सुंदराबाईची पाठवणी

अंबरनाथच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी एक प्रकार व्हायचा. उपासना संपत आली की सुंदराबाई साळवे पुढे जाऊन गुडघे टेकायची, सगळी मंडळी उभी राहायची, आणि पाळक तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यावर सुवार्ता सांगायला पाठवायचे. याला सगळे 'पाठवणी' म्हणत. लग्नातल्या पाठवणीसारखी रडारड यात नसे, थट्टा मात्र असे. "सासरी नीट नांद गं," असं म्हातारी बनूबाई दर खेपेला म्हणायची, आणि वर्षानुवर्षं तोच विनोद ऐकूनही सुंदराबाई तितकीच हसायची. नवरा काडेपेटीच्या कारखान्यात होता, तो तरुणपणीच गेला. मूलबाळ नाही. तेव्हा सासर म्हणा, माहेर म्हणा, तिला तो पाडाच होता.

पाडा ठाकर आदिवासींचा, बारवी नदीच्या वरच्या टेकाडावर. सुंदराबाई बदलापूरपासून चालत जायची. गेल्या गेल्या उपदेश सुरू करण्यातली ती नव्हती. आधी कुणाच्या तरी ओट्यावर बसून सुपातले तांदूळ निवडायचे, कुणाचं पोर मांडीवर घ्यायचं, आणि मग गोष्ट. बायांची आवडती गोष्ट एकच, हरवलेल्या मेंढराची. मेंढपाळ सगळा कळप सोडून त्या एका मेंढराला शोधत रानोमाळ हिंडतो, सापडल्यावर खांद्यावर घालून आणतो. बाया माना डोलवायच्या. फक्त चंद्री नावाची एक ठाकरीण दर वेळी तिथेच अडायची.

"पर बाय, बाकीची मेंढरा कोनाच्या भरवशावर ठेवली त्यानं? रानात वाघरू नाय का?"

"त्याला काळजी असंल की," असं काहीतरी म्हणून सुंदराबाई वेळ मारून न्यायची. चंद्रीचं समाधान व्हायचं नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा हजर. असं करता करता दोघींचे केस पांढरे झाले. एवढ्या वर्षांत पाड्यावरचं एकही माणूस ख्रिस्ती झालं नाही. सुंदराबाईला याची खंत होती, नाही असं नाही. पण चंद्रीच्या सुनेच्या बाळंतपणात रात्रभर चूल पेटती ठेवताना तिला ती खंत आठवली नाही, हेही खरं.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मंडळीत नवे पाळक आले. मधु गोर्डे. नवे कसले, इथलेच. शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गात, याचं नाक सुंदराबाईनेच पुसलेलं. आता धर्मशिक्षण घेऊन, कडक इस्त्रीचा सदरा घालून परत आले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. पंचांच्या बैठकीत त्यांनी सुंदराबाईला बोलावलं आणि आवाज खाली ठेवून विचारलं, "बाई, एवढ्या वर्षांत एक तरी माणूस पुढं आलंय का?"

सुंदराबाईने नकारार्थी मान हलवली.

"मग मला मंडळीला उत्तर द्यावं लागतं ना? ईस्टरपर्यंत एक तरी बाप्तिस्मा होऊ द्या. नाहीतर पाठवणी बंद करू. तुम्ही इथंच शब्बाथशाळा घ्या, आराम करा."

ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय, पाठवलं नाही तर आपली आपण जावं. पण सुंदराबाईला ते जमणारं नव्हतं. ती पाठवलेली बाई होती. डोक्यावर हात न ठेवता गेलं तर ती नुसती कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसणारी रिकामटेकडी म्हातारी झाली असती. हट्टी म्हणा, भाबडी म्हणा, ती तशी होती.

त्याच माघात बारवीच्या काठी एक अजब जत्रा भरली. जत्रा म्हणावं तर देव नाही, दुकान नाही, तमाशा नाही. कुठून कुठून आलेली गोरी पोरंपोरी आणि त्यांच्यात मिसळलेली मुंबईची लांब केसांची मुलं. कुणी लुंगीवर, कुणी नुसत्या लंगोटावर, कुणाच्या जटा झालेल्या, कुणाच्या केसांत पळसाची फुलं. झाडाखाली राहायचं, मोठ्या हंड्यात खिचडी शिजवायची, जेवायच्या आधी एकमेकांचे हात धरून मोठं रिंगण करून गप्प उभं राहायचं. मुख्य कोण, तर कोणीच नाही. शिरगावपासून वांगणीपर्यंत माणसं मुद्दाम बघायला येऊ लागली.

पाळकांच्या अंगात उत्साह संचारला. इतकी वाट चुकलेली लेकरं, तीही आपल्या दारात! त्यांनी जाहीर करून टाकलं की रविवारी मंडळी नदीवर जाऊन या लोकांना प्रीतिभोजन देईल. आता प्रीतिभोजन म्हटलं की आमच्या मंडळीत मटण आलंच. पाहुण्याला वरणभात वाढणं म्हणजे त्याला परत येऊ नको सांगणं. उल्हासनगरच्या सिंधी मंडपवाल्याकडून मोठी पातेली आणली, "बाई, घिसके वापस करना हां," असं त्याने बजावलं, आणि पहाटेपासून बाया वाटण वाटत बसल्या. टेम्पोत पातेली, पेटी, तबला आणि मंडळी असा सगळा सरंजाम नदीवर पोचला.

रिंगण धरून उभ्या असलेल्या लोकांसमोर पाळकांनी इंग्रजीत छान प्रार्थना केली. रिंगणवाल्यांनी डोळे मिटले, कुणी हसलं नाही, कुणी उठून गेलं नाही. मग पातेल्याचं झाकण निघालं. फुलं माळलेली एक गोरी पोरगी पुढे आली, आत डोकावली आणि दोन्ही हात जोडून मागे सरली. इथे कोणी मांस खात नाही, मुंबईच्या एका मुलाने सांगितलं. प्राण्यांना मारणं यांना चालत नाही.

मंडळी चकित झाली. आजवर यांनी पाहिलेला गोरा माणूस म्हणजे मिशनचे जुने साहेब, आणि ते तर ससा मारून खायचे. गोरा माणूस मटणाला नाही म्हणेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पाळकांचा चेहरा पार उतरला. सुंदराबाईला त्यांचं हसू आलं आणि पोटातून मायाही आली.

"पाळकसाहेब, वर पाडा आहे की," ती म्हणाली. "त्यांना नाही बोलावलं कुणी जेवायला."

पातेली टेकाडावर चढली. चंद्रीने आतून पानं आणली, तिची शेजारीण नवसी हिने भाकऱ्या थापायला घेतल्या, आणि बघता बघता पाडा जेवायला बसला. त्या पंगतीच्या टोकाला एक उंच, सोनेरी दाढीचा गोरा तरुण गुपचूप येऊन बसला होता. कितीतरी दिवस खिचडी खाऊन जीव कंटाळला असावा. त्याने रस्सा ओरपला, हाड चोखलं आणि सुंदराबाईकडे बघून म्हणाला, "माँ, बहुत अच्छा!"

"नाव काय तुझं?"

"आनंद. ऋषिकेश में गुरुजी ने दिया."

पोरगा लाघवी होता. मोडक्या हिंदीत त्याने आपलं सगळं सांगितलं. हा मनगटावरचा लाल धागा लामांनी बांधलेला. अजमेरला चादर चढवली. गंगेत डुबकी मारली. कपाळावर भस्म होतं, गळ्यात रुद्राक्ष. सुंदराबाईने सहज विचारलं, आमच्यातला बाप्तिस्मा माहीत आहे का? त्याचे निळे डोळे चमकले. लहानपणी आईबाप ख्रिस्ती देवळात नेतच नसत, म्हणाला, तेवढा एकच राहिला आहे. आज मिळेल?

सुंदराबाई उठून उभीच राहिली. एक माणूस. तिने मागितलं नव्हतं, आपणहून आलं होतं. ईस्टरची वाट बघायलाही नको. तिने पाळकांना सांगितलं, आणि पाळकांना काय करू नि काय नको असं झालं. नदीत बाप्तिस्मा द्यायची पद्धत त्यांनीच मंडळीत आणली होती. सगळे खाली उतरले. पेटीवर गाणं सुरू झालं. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि आनंद हसत हसत त्यांच्याकडे निघाला.

काठावर उभी राहून सुंदराबाई बघत होती. तिला फक्त गप्प राहायचं होतं. पुढच्या महिन्यात पाठवणी झाली असती, चंद्री भेटली असती, मरेपर्यंत पाडा सुटला नसता. पण त्या पोराच्या गळ्यातल्या माळा पाण्यावर तरंगू लागल्या तसं तिला आत कुठेतरी टोचलं. वर्षानुवर्षं चंद्रीने तिला नाही म्हटलं होतं, आणि प्रत्येक वेळी विचार करून म्हटलं होतं. या पोराने तर प्रश्न पुरता ऐकलाही नव्हता.

"मधु, थांब!"

सगळ्या मंडळीसमोर पाळकांना एकेरी हाक. पेटी बंद पडली.

"काय झालं बाई?"

"हा पोरगा हो म्हणतोय, कारण तो कशालाच नाही म्हणत नाही. याला नको बुडवू."

पाळक दात आवळून म्हणाले, "बाई, यात तुमचंच भलं होतंय ना?"

"म्हणून तर थांब म्हणते."

आनंदला काय चाललंय ते कळलं नाही. पाण्यात आलोच आहोत तर, म्हणून त्याने आपली आपण मनसोक्त आंघोळ केली, वर येऊन सुंदराबाईच्या पायांना हात लावला आणि रिकामी पातेली टेम्पोपर्यंत उचलून दिली. पाळक टेम्पोत पुढे बसले.

पुढचा पहिला रविवार आला. सुंदराबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून बसली होती, पण तिचं नाव काही घेतलं गेलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. ईस्टर झाला. ती शब्बाथशाळेत पोरांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायची. पोरं ऐकायची आणि पळायची, मध्येच अडवून कुणी काही विचारायचं नाही. तिला जेवण गोड लागेना.

करवंदं पिकली. मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी उपासना चालू असताना देवळाच्या दाराशी चंद्री आणि नवसी येऊन उभ्या राहिल्या. स्टेशनवर करवंदं विकून झाली होती, रिकाम्या पाट्या डोक्यावरच होत्या. बनूबाईने सरकून त्यांना सतरंजीवर जागा दिली. सुंदराबाई बायांच्या पुढच्या ओळीत होती, तिला काही दिसलं नाही.

शेवटी पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?"

साक्ष म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते उभं राहून सांगायचं. चंद्रीला ते काय ठाऊक. पाड्यावर पंच साक्ष मागतात तेव्हा खरं काय ते बोलायचं असतं, एवढंच तिला माहीत. ती उठली.

"मी चंद्री. मना तुमच्यात याचा नाय. आमचा देव आमाला हाय." ती पाळकांकडे वळली. "पर आमची बाय का धाडीत नाय तुमी? माझी सून गेली ना चैतात. ताप भरला न् गेली. सगली आली, बाय नाय आली. मी वाटंकडं डोला लावून व्हते." तिने पदराने डोळे पुसले. "त्या गोऱ्यांसाठी पातेली घेऊन आलात. हरवलेलं मेंढरू हुडकाया गेलात, बरा केला. आमी कुठं हरवलो नाय. आमी हाव तिथंच हाव. मंग आमाला कोनी बघाचाच नाय का?"

सुंदराबाई मागे वळली तेव्हा तिचे डोळे भरून वाहत होते. जिच्या बाळंतपणात तिने चूल पेटती ठेवली होती ती पोर गेली, आणि तिला आज कळत होतं.

म्हाताऱ्या बनूबाईने हाताने जमीन चाचपली, गुडघा धरला आणि कशीबशी उभी राहिली. "बघता काय? उठा," ती म्हणाली. मग एकेक करत सगळी मंडळी उठली. सुंदराबाईला पुढे नेण्याची गरज पडली नाही. मधु गोर्डे पायऱ्या उतरून तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी बनूबाईला विनोद सुचला नाही.

दुपारी सुंदराबाई दोघींबरोबरच पाड्यावर गेली. सुनेच्या पोराला मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली. नवसी म्हणाली, बाय, गोष्ट सांग. सुंदराबाईने तीच सांगितली. मेंढपाळ कळप सोडून निघाला, तिथे ती सवयीने थांबली आणि चंद्रीकडे बघू लागली. चंद्री सूप पाखडत होती.

"आज विचारत नाहीस? बाकीची मेंढरं कुणाच्या भरवशावर ठेवली म्हणून?"

"त्यात काय इचाराचा?" मान वर न करता चंद्री म्हणाली. "बाय ठेवली आसंल त्यानं त्यांच्यापाशी."