साठ भाकऱ्या आणि हिरवं बटण

त्या दिवशी हजर होतो ते असे: मी जनाबाई, नात मानसी, सून सुरेखा (ती दापोड्याच्या गोडाऊनला ड्युटीवर, म्हणजे हजर न्हायच, पण नाव गाळलं तर रुसते), टेमघरची नफिसाबी, रिक्षावाला असलम, आणि मानसीला पसंत केलेल्या मुलाकडचे पाव्हणे. त्यांच्यात मुलाचा आजा. त्याच्या होकारावर सोयरीक अडलेली. त्यानं आधीच निरोप धाडलेला, "जेवायला तांदळाची भाकरी पायजे."

साठ तरी लागणार! पूर्वी भावकीतल्या बाया न बोलावता परात घेऊन यायच्या. आता सगळ्या गोडाऊनला. आदल्या दिवशी मानसी म्हणाली, "आजी, तुझ्या फोनवरनं बाई मागव. सोपं हाय." आणि गेली तोंडाला कायतरी फासायला.

फोनवर दोन बटणं आली. एक हिरवं, एक लाल. मी तीस वर्षं लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्यात. तिथं हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. वाचायचंय कशाला? दाबलं हिरवं! मग फोननं फोटो मागितला. म्हटलं, येणाऱ्या बाईला घरची मालकीण कळायला नको? पदर सारखा करून काढला. काम विचारलं, तर बोलले, "तांदळाच्या भाकऱ्या."

सकाळी आठला दारात रिक्षा. आत बाई न्हाय! नुसता असलम.

"मावशी, भाकरीवाल्या ना? नफिसाबीनं धाडलंय, बसा."

मला वाटलं, भाकऱ्या तिकडंच होतात, आपण फक्त आणायच्या. दोन टोपल्या घेतल्या न् बसले. आमच्या वडप्याहून थेट टेमघर.

नफिसाबीकडं परात, पीठ, चुलीवर पाणी, सगळं तयार. दोघी समोरासमोर बसलो.

"चला मावशी, करा सुरू," ती म्हणाली.

"हां, करा ना," मी म्हणाले.

"तुम्ही करा."

"न्हाय न्हाय, तुम्हीच."

तिनं चहा दिला. प्यायले. (सोय चांगली होती!) पुन्हा बसलो. शेवटी पाणी उतू जायला लागलं. तेवढं बघून हात गप बसतात काय? म्हटलं, एक करून दाखवते, आमच्याकडं किती पातळ लागते ते.

"माशाल्ला! अजून एक दाखवा."

दाखवली. दाखवता दाखवता साठ झाल्या! मनात म्हटलं, काय अडाणी बाई दिलीय फोननं, शिकवून शिकवून माझी कंबर गेली.

बारा वाजले. मी टोपल्या भरून उठले, तर तिनं टोपली धरली.

"मावशी, भाकऱ्या किधर?"

"घरी! पाव्हणे यायचेत."

"पाव्हणे तर माझे यायचेत!"

ती ओढतेय, मी ओढतेय, मला न्यायला आलेला असलम मधी. शेवटी त्यानंच तिचा फोन वाचला. "मावशी, हा फोटो तुमचाच. खाली लिहिलंय, काम करणारी बाई."

म्हणजे हिरवं बटण काम मागणारीचं, बाई मागवायचं ते लाल! तिकडं नातीची सोयरीक, इकडं माझ्याच हातच्या भाकऱ्या परक्या! नफिसाबीला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला, आणि तीस भाकऱ्या माझ्या टोपलीत घातल्या. "माझे पाव्हणे थोडा भात जास्त खातील. जावा, पळा!"

पोचले तर पाव्हणे ताटावर. आज्यानं चार भाकऱ्या हाणल्या न् विचारलं, "कोणी केल्या?"

मानसीला मी सकाळपासून दिसलेच नव्हते. म्हणाली, "ऑनलाइन बाई लावलेली."

"तरीच! घरी कुणाला जमतंय आता असलं?" म्हातारा माझ्याकडं बघून म्हणाला. "सोयरीक पक्की. पण हळदीला हीच बाई पायजे!"

मानसीनं आपल्या फोनात भाकरीवाली बाई शोधली न् फोटोबिटो न बघता तिथंच बटण दाबलं. माझ्या कमरेचा फोन वाजला.

आता रोजच वाजतो. नफिसाबीनं पाच चांदण्या दिल्यात म्हणे, त्यानं मागणी वाढते. मानसी म्हणते, हळद होईपर्यंत नाव काढायचं न्हाय. तर वाचणाऱ्यांनो, कुणाला फोनातनं माझं नाव काढता येत असेल, तर वडप्याला येऊन काढून द्या. चहा देते. भाकरी मागू नका.