जादा तासांची वही

शिरूरच्या एका कॉलेजात फरहत मॅडम संख्याशास्त्र शिकवत. नोकरी तासिकेवरची, दर जूनला नवी ऑर्डर निघाली तरच पुढचं वर्ष. पण बाई अशी, की बाकं रिकामी दिसली तर पोरींना बोल लावायच्या आधी हजेरीचं पुस्तक उघडून बसणार! त्यात त्यांना मेख सापडली. एरवी अकरा मुली गायब आन् गुरुवारी मात्र सगळ्या हजर. सणसवाडीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारचीच असते. या मुली तिथंच खोल्या घेऊन राहत, शिफ्टला जात.

झालं, मॅडमनी अवघड धडे गुरुवारवर घेतले, वर त्याच दिवशी जादा तास लावले. त्यातलीच राहू गावची भाग्यश्री कंपनीत नटांची मापं तपासायची. तिनं सांगितलेल्या चाळीस मापांवरच मॅडमनी अख्ख्या वर्गाकडून प्रमाण विचलन काढून घेतलं. 'मला न्हाई जमायचं' म्हणणारी ही पोरगी महिन्याभरात फळ्यापाशी उभी राहून बाकीच्यांच्या चुका काढायला लागली. मॅडमना काय आनंद झाला म्हणून सांगू!

आन् परीक्षेच्या तोंडावर प्राचार्यांनी यादी पुढं सरकवली. हजेरी कमी म्हणून अकराजणींना परीक्षा बंद. पहिलंच नाव भाग्यश्रीचं.

"जादा तास धरा की सर. पंच्याहत्तर टक्के भरतात," मॅडम म्हणाल्या.

"परवानगी घेतली होती?"

"शिकवायची?"

"वेळापत्रकात नसलेला तास आम्ही धरत नाही. सही करा. जूनमध्ये तुमची ऑर्डर निघायचीय, मॅडम."

फरहत मॅडमचं घर त्यांच्याच पगारावर चालायचं. पण धमकी ऐकून डोक्यात तिडीकही गेली. त्यांनी पेन उघडलं आणि यादीवर आडवं लिहिलं, 'या अकराही जणींचे तास पूर्ण आहेत. मी स्वतः शिकवले आहेत.' खाली सही ठोकली, वर मुलींच्या सह्या असलेली जादा तासांची वही ठेवली.

"खोडायचं तर तुमच्या सहीनं खोडा सर. का खोडलं, तेही लिहा."

प्राचार्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. स्वतःच्या सहीनं खोडायची छाती कुठनं आणायची? दोन दिवसांत अकराही हॉल तिकिटं निघाली.

जूनमध्ये मॅडमची ऑर्डर मात्र निघाली नाही. निकालाच्या दिवशी भाग्यश्रीचा फोन आला, तो रडतच.

"आमच्यापायी तुमची नोकरी गेली वो, मॅडम."

"गप! रडायला फोन केलास व्हय? मार्क किती पडले?"

"शंभरात ब्याऐंशी."

"आन् अठरा कुठं घालवलेस? गुरुवारी येते तुझ्या खोलीवर. सगळ्यांना बोलाव आणि वही-पेन घेऊन बसा."