पाठवणी कापायची राहिली

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जी लग्नं झाली, ती आजवर टिकली याचं निम्मं श्रेय आपलं आहे, असं माझ्या साडूंचं प्रामाणिक मत आहे. साडू लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात. मानपानावरून तोंड फुगवलेली आत्या, मीठ कमी म्हणून ताट सरकवणारे मामा, फोटोच्या वेळी नेमके पाठ फिरवणारे व्याही, हे सगळं ते इतक्या सफाईने काढतात की वर्षभराने दोन्हीकडच्यांना आपलं लग्न फार गोडीगुलाबीत पार पडलं असं वाटायला लागतं. बेळगावच्या वडगाव भागातल्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत पूर्वी माग होता. आता तिथे कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यासमोर साडू.

मी निपाणीच्या कॉलेजात शिकवतो. तासांचे व्हिडिओ करायची वेळ आली तेव्हा माझा लॅपटॉप सारखा गोठायचा, म्हणून तो घेऊन साडूंकडे शिकायला गेलो. त्यांनी चहा दिला आणि माझ्या डेस्कटॉपकडे, खरकटी भांडी साठलेल्या मोरीकडे बघावं तसं बघितलं. म्हणाले, "पावणं, आधी घर आवरा." चित्रीकरण एका फोल्डरमध्ये, आवाज दुसऱ्यात, गाणी तिसऱ्यात, आणि सगळ्याची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर. मूळ चित्रीकरण जड असतं, तेव्हा त्याची हलकी प्रत करून तिच्यावर काम करायचं आणि शेवटी मूळ जोडायचं. आधी आवाज, मग काटछाट, रंग सर्वांत शेवटी. माउसला हात लावला की साडू हातावर चापट मारतात. कापणं, मागे जाणं, पुढे जाणं, सगळं कीबोर्डवर. आणि प्रत्येक कापानंतर सेव्ह. ही शिस्त अंगात इतकी मुरली आहे की जेवताना आमटी जमलेली असली तर त्यांची डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर सेव्हची बटणं दाबतात. मेहुणी म्हणते, दाबू देत, आमटीचं तेवढंच कौतुक होतं.

फोल्डरना नावं मात्र ते नात्यांची देतात, आणि त्यातच एकदा फसले. चिकोडीकडच्या एका कन्नड घरातून निरोप आला, अण्णाला जास्त दाखवा. साडू स्वतःच्या वडिलांना अण्णा म्हणायचे. त्यांनी नवरदेवाच्या बापाला हळदीपासून जेवणावळीपर्यंत पडद्यावर मिरवलं. त्या घरात अण्णा म्हणजे थोरला भाऊ. तो बिचारा दुबईहून रजा काढून आलेला आणि अख्ख्या फिल्ममध्ये त्याचं एक कोपर तेवढं दिसलं. बाप इतका खूश झाला की दुरुस्ती करू देईना. तेव्हापासून नवं काम आलं की मुहूर्त आणि हॉल विचारण्याआधी साडू विचारतात, "तुमच्यात अण्णा म्हंजे कोण?"

पाठवणीबाबत त्यांचा नियम कडक. दीड मिनिटाच्या वर नाही. रडणं लांबलं की बघणारा मोबाइल काढतो, असं ते म्हणतात. या नियमात कुणाच्याही लेकीला सवलत नव्हती. मग त्यांच्याच लेकीचं, लाडक्या आक्काचं, लग्न झालं, ती बेंगळुरूला गेली आणि तिची फिल्म काही केल्या तयार होईना. कधी रंग जुळत नव्हते, कधी डिस्क भरली होती. शेवटी पोरीने मला फोन केला. मुलगा तिने स्वतः पसंत केला होता. "काका, सगळ्या गावाच्या लग्नाचं करत्यात, माझंच ऱ्हायलंय. आप्पा रागावल्यात काय माझ्यावर?"

मी वडगावला गेलो. फिल्म पाठवणीपर्यंत देखणी कापलेली होती. पुढे सगळं कच्चं. साडू हलक्या आवाजात म्हणाले, "तितं उभं ऱ्हायाला जमंना, म्हणून शूटिंगवाल्या पोराच्या हातातनं कॅमेरा मीच घेतलो. चित्र हलतंय. आवाज माझाच घुमतोय. ठेवण्यासारखं काय न्हाय, आणि कापाय हात उठंना." मी ऐकलं. हलत्या चित्रामागून सारखा त्यांचा आवाज येत होता: हळू, पायरी हाय गं, पदर सांभाळ. मी म्हटलं, एवढं तसंच पाठवा. पंधरवडाभर मोडता घालून त्यांनी ते तसंच पाठवलं.

पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वडगावलाच होतो. लेकीचा फोन आला आणि एकट्याने ऐकायचा धीर होईना म्हणून साडूंनी स्पीकर लावला.

"आप्पा, गाडीत बसंपर्यंत मी तुमाला शोधत हुते. कॅमेऱ्याच्या लाइटीनं काय दिसंना. मला वाटलं, तुमी आलाच न्हाईसा."

"हुतो की, आक्का," साडू म्हणाले. "समोरच हुतो."

त्यांची डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर सेव्हची बटणं दाबत होती, आणि फोन कुणीच ठेवला नाही.