वर्षभराची जांभळं

सुंदरम्माक्का कुठलंही काम इतकं नेटकं करायची की शेजारणीला राग यावा. मला तर यायचाच. जांभळं फ्रीजरमध्ये कशी ठेवायची ते मीच तिला शिकवलं आणि आठ दिवसांत तीच माझ्या चुका काढायला लागली. "ओली ठेवलीस की, म्हणून गोळा झाला," म्हणायची.

तिची जांभळं मिठाच्या पाण्यातून निघून पंच्यावर पुरती सुकायची. मग ताटात एकेक सुटी पसरून फ्रीजरमध्ये. दगडासारखी झाली की पिशवीत, हवा दाबून काढून. नवी पेठेमागच्या त्या दोन खोल्यांत फ्रीज एकच, तोही जुना. त्यातला बर्फाचा ट्रेसुद्धा तिनं जांभळांसाठी बाहेर काढला होता.

हा सगळा खटाटोप नवऱ्यासाठी. गुरुलिंगअप्पा होटगी स्टेशनवरून रिटायर झालेले, दहा वर्षांपासून शुगर, आणि गोळीचं नाव काढलं की तोंड वाकडं. दर जूनमध्ये गल्लीत जांभळांची गाडी आली की ते गोळ्या बंद करायचे. जांभूळ शुगर खातं, हा त्यांचा ठाम सिद्धांत. पण हंगाम जेमतेम दीड महिन्याचा. जांभळं संपली की गडी कुरकुरत पुन्हा गोळ्यांकडे यायचा.

गेल्या वर्षी हंगाम संपलाच नाही. दिवाळीला जांभळं, संक्रांतीला जांभळं. रोज सकाळी वाटीत दहा-बारा, अप्पा उठायच्या आधी बर्फ उतरलेली. "आमच्या हिनं डॉक्टरला घरी बसवलं," असं अप्पा गल्लीभर सांगायचे. ती लाजायची. मीही मिरवून घेतलं, कारण विद्या माझी होती. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

फेब्रुवारीत चपलेनं अंगठा सोलला. पायाची जाणीव कधीच गेलेली, त्यामुळे अप्पांना कळलंसुद्धा नाही. कळल्यावर हळद लावली. अंगठा काळा पडला, मग पाऊल. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"आठ महिने झाले की," अप्पा पडल्या पडल्या ऐटीत म्हणाले. "गरजच न्हाय पडली. हिनं जांभळं संपूच दिली न्हाईत."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. सुंदरम्माक्कानं पदर तोंडाला लावला. तिसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय कापला.

आता गोळ्या ती स्वतः अप्पांच्या तळहातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. परवा मी गेले तेव्हा अप्पांचा डोळा लागला होता. ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि एकदम बोलायला लागली.

"संपली असती तर आले असते गं गोळीकडं, दर वर्षासारखं. मीच संपू दिली न्हाईत. एक दिवस तरी आळस यायला पाहिजे होता मला."

मला रडू आवरेना. "अप्पांना बोललीस का हे?"

तिनं बाहेरच्या खोलीकडे बघितलं.

"येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेत, हिच्या जांभळांमुळं एक पाय तरी वाचला. तेवढ्यावरच दिवस काढालेत बघ. ते कसं काढून घेऊ?"