डाव्या अंगठ्याखालचं रीळ

भाईंनी ह्यांच्या गळाच्या काठीचं रीळ खुंटीवरून काढलं तेव्हा मी भाकरी थापत होते. भाई म्हणजे आमच्या ह्यांचे मित्र. रोहिणखेडला ह्यांची पिठाची गिरणी आहे आणि समोर भाईंचं वेल्डिंगचं दुकान. वीज गेली की गिरणीही बंद पडायची आणि वेल्डिंगही. मग दोघं काठ्या उचलून नळगंगेच्या धरणावर मासे धरायला जायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघत होते.

ह्यांना लकवा झाला त्यात उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला, आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, 'हाव'. हो म्हणायचं असलं तरी हाव आणि नाही म्हणायचं असलं तरी हाव. कोणता कसला ते मी तोंडाकडे बघून ओळखायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता सगळं डाव्या हाताने करायचं, पाणी पिण्यापासून जेवण्यापर्यंत. पण हे डावा हात चादरीखालून बाहेर काढत नव्हते. आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत, आणि घास तर नाहीच. लहानपणी डाव्या हाताने शेंगदाणा तोंडात टाकला तरी आई हातावर चापट मारायची. ह्यांचं तर त्यात फारच कडक होतं. गिरणीवर कुणी डाव्या हाताने डबा पुढे केला तर हे तो घ्यायचे नाहीत, नुसते बघत राहायचे, मग तो माणूस ओशाळून हात बदलायचा.

तेव्हा मी भरवायचे. पण भरवताना कुणी आलं की हे तोंड मिटून घ्यायचे, आणि आमच्या घरी भेटायला कुणी ना कुणी यायचंच. खाणं कमी होत गेलं. गळ्याची हाडं दिसायला लागली. हा माणूस असाच एक दिवस तोंड मिटून निघून जाईल, ही एकच भीती मला रात्रंदिवस होती.

त्या दिवशी ह्यांनी भाईंना मानेने खुंटीवरचं रीळ दाखवलं आणि मग दार दाखवलं. घेऊन जा, असं. भाईंनी ते काढून हातात घेतलं, पण जाईनात. मला म्हणाले, "भाभी, हा तं मले ने म्हनते. मी काय करू, सांगा."

मी परक्या पुरुषांशी बोलत नाही. भाईंशी इतक्या वर्षांत चहा-पाण्यापलीकडे बोलले नव्हते. पण रीळ घरातून गेलं तर ह्यांना धरून ठेवणारं आता काहीच राहणार नाही, असं मला वाटलं. मी परातीकडे बघत म्हणाले, "राहू द्या."

"ठेवून काय करता? लोनचं घालता काय त्याचं?"

"मले शिकवा."

भाई हसले नाहीत. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

भाईंनी ओट्यावर बसून एकदा सगळं दाखवलं. मी उंबऱ्याच्या आत उभी होते, पदर पुढे ओढून. ते रीळ म्हणजे आडवं लहानसं ढोलकं. मध्ये चकरी, तिच्यावर तंगूस गुंडाळायचा. तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. एक खटका, तो दाबला की चकरी मोकळी सुटते आणि गळ आपल्या वजनाने दोरी ओढत नेतो. बाजूला फिरवायची मूठ, ती फिरवली की खटका वर येतो, चकरी धरली जाते. मुठीच्या बुडाशी चांदणीसारखं चाक, मासा जोरात ओढायला लागला तर दोरी किती सुटू द्यायची ते त्याने ठरतं. बाजूला एक स्क्रू, चकरी किती सैल फिरावी त्यासाठी. आणि एक लहान कळ, ती लावून ठेवली की दोरी ओढली जाताना कर्र वाजतं. "बाकी सगळं अंगठ्याचं काम हाय," असं म्हणून ते उठले. जुना तंगूस कुजला होता, नव्या तंगूसाची गुंडी त्यांनी संध्याकाळी आणून दिली. गुंडाळताना ओल्या फडक्यात दाबून धरा, असंही सांगून गेले. ते मी ऐकलं, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात बसून रीळ काठीवर चढवलं, तंगूस ओवला, गाठ मारली आणि गुंडाळू लागले. फडक्यात धरला, पण अगदी हलक्या हाताने. वडाला सूत गुंडाळताना जसं करतो तसं. सूत तुटलं तर वाईट, म्हणून आम्हा बायांना लहानपणापासून तो हलका हात लागलेला. मला वाटलं, दोरी जितकी अलगद बसेल तितकी चांगली. चकरी भरली तेव्हा फुगून छान गुबगुबीत दिसत होती.

गळाच्या जागी गिरणीतला एक जुना नट बांधला. मागच्या मोकळ्या जागेत कुणी नाही असं बघून खटका दाबला आणि काठी फिरवली. नट चार हात गेला असेल. चकरी मात्र थांबेना, गरगर फिरतच राहिली, आणि सैल बसलेला तंगूस आतल्या आत वर येऊन त्याचा असा गुंता झाला की चिमणीचं घरटं बरं. सुई घेऊन मी तो सोडवत बसले. सोडवला, पुन्हा टाकला, पुन्हा घरटं. मागच्या दारातून खाट दिसते. हे बघत असायचे, मी वर पाहिलं की भिंतीकडे वळायचे.

असं बरेच दिवस चाललं. भाई एकदा येऊन बघून गेले. "भाभी, अंडे कवा देते हे?" म्हणाले. मला रडू आलं, पण ते गेल्यावर.

एके दुपारी गुंता इतका वाईट झाला की मी रीळ काठीसकट घरात आणलं आणि कात्री शोधू लागले. म्हटलं, कापून टाकावा सगळा. कात्री हातात घेतली तर खाटेवरून आवाज आला, "हाव! हाव! हाव!" हा नाहीचा हाव होता. हे उठून बसले होते, आणि डावा हात चादरीबाहेर होता. त्या हाताने त्यांनी रीळ माझ्याकडून ओढून घेतलं. मांडीवर ठेवलं, अंगठ्याने चकरी दाबली, आणि मला डोळ्यांनी सांगितलं, मूठ फिरव. मी फिरवली. त्यांनी थोडी दोरी ओढली. पुन्हा दाबलं, पुन्हा ओढली. कात्रीशिवाय गुंता सुटला. माझ्यावर दया येऊन त्यांनी हे केलं असं मला वाटत नाही. चांगल्या रिळाचे हाल त्यांना बघवले नाहीत, इतकंच.

मग सगळा तंगूस काढून आम्ही पुन्हा भरला. या वेळी फडकं त्यांनी धरलं, डाव्या मुठीत, करकचून. रिळाची मूठ फिरवायला मला जड लागत होती. चकरीवर दोरी अशी घट्ट बसली की नख जाईना. नट लोंबकळवून त्यांनी मला स्क्रू थोडा थोडा आवळायला लावला. खटका दाबला की नट हळू खाली जावा आणि जमिनीला टेकला की चकरीने आपण होऊन थांबावं, तिथवर. मग माझा उजवा अंगठा चकरीवर ठेवून त्यावर आपला डावा अंगठा ठेवला. सोड म्हणायचं असलं की दाब कमी करायचे, थांब म्हणायचं असलं की दाबायचे. दिवसाउजेडी, दार उघडं असताना, ह्यांनी माझा हात असा धरल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा मला माहेरची विहीर आठवली. देऊळगाव राजाकडे आमच्या शेतात विहिरीला गडगडी होती. बादली सोडताना दोर हातातून पळू द्यायचा, पण हात काढायचा नाही, आणि पाणी यायच्या जरा आधी मूठ आवळायची. नाहीतर बादली आपटते आणि दोर गडगडीवरून उतरतो. चौथीनंतर शाळा सुटली ती या विहिरीचं पाणी शेंदण्यापायीच. ह्या अंगठ्याचं कामही तेच होतं. त्या संध्याकाळी नट कुंपणापर्यंत गेला आणि घरटं झालं नाही.

पण जेवताना डावा हात पुन्हा चादरीखाली. मी भरवलं. दोन घास खाल्ले आणि शेजारीण आली, तोंड मिटलं.

धरणावर जायचं भाईंनी ठरवलं. ऑटोत आम्हाला बसवलं, एक प्लास्टिकची खुर्ची मागे बांधली. काठावर मोताळ्याचे काही लोक गळ टाकून बसलेले होते. सगळे पुरुष. माझे पाय उतरायला तयार नव्हते. हे खुर्चीवर बसले, पाण्याकडे बघत राहिले. भाईंनी कणकेचा गोळा गळाला लावला आणि बाजूला झाले. काठी माझ्याच हातात होती.

एक जण म्हणाला, "आता बाया बी गळ टाकाले लागल्या काय बे?"

भाई त्याला म्हणाले, "तू अगोदर तुही पिशवी दाखव. हाय काय काही तिच्यात?"

बाकीचे हसले. तेवढ्यात मी टाकला. फार लांब नाही गेला, पण सरळ गेला, आणि पाण्याला टेकायच्या आधी माझा अंगठा बसला. मी चकरी मोकळी ठेवून कळ लावली, काठीचं बूड ह्यांच्या मांडीशी टेकवलं आणि काठी त्यांच्या डाव्या हातात दिली. डाव्या हातात देताना दोघांनीही क्षणभर आजूबाजूला पाहिलं.

ऊन कलेपर्यंत काही नाही. मग कर्र झालं. थांबलं. पुन्हा कर्र, या वेळी लांब. माझा हात मुठीकडे गेला तर हे म्हणाले, "हाव," हळू. थांब, असं. त्यांचा अंगठा चकरीवर नुसता टेकलेला होता, दोरी खालून पळत होती. मग अंगठा दबला, काठी वर गेली आणि ते माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "हाव!" मी मूठ फिरवली. काठी त्यांची, मूठ माझी. मासा ओढायचा तेव्हा चांदणी दोरी सोडायची, थकला की मी गुंडाळायचे. भाई पाण्यात उतरले आणि त्यांनी रोहू दोन्ही हातांनी उचलून आणला.

रात्री भाई आमच्याकडेच जेवायला थांबले. मी रस्सा केला, दोघांना खाटेजवळ ताटं वाढली. मग नेहमीप्रमाणे ह्यांच्या ताटाशी बसले, माशाचा तुकडा सोडवून भाकरीत घेतला. भाई समोर होते, म्हणून हे तोंड उघडणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी उघडलं. घास घेतला आणि लगेच जिभेने बाहेर काढला. काटा होता. रोहूत बारीक काटे फार. मी पुन्हा निवडून दिला, पुन्हा काटा. आपल्या तोंडातला काटा दुसऱ्याच्या बोटांना कसा कळणार?

त्यांनी माझा हात ताटावरून बाजूला केला. डावा हात पुढे आणला. थोडा वेळ तो ताटाच्या कडेवर तसाच राहिला. मग दोन बोटांनी मासा दाबून बघितला, काटा काढला, कडेला ठेवला आणि घास तोंडात घातला.

भाई ताटातून मान वर न करता जेवत होते. मी रश्श्याचं पातेलं घेऊन उभी राहिले. ह्यांनी डाव्या हाताने ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "हाव."

मी त्यांच्या तोंडाकडे न बघताच वाढलं.