पॉपीकॉक आणि आमचे होणारे व्याही

माझा मेहुणा दिगंबर मराठीत कधीच चिडत नाही. चिडायचं झालं की तो इंग्रजीत शिरतो, तेही खुद्द इंग्रजांनी टाकून दिलेल्या इंग्रजीत! (कुणा गोऱ्या साहेबाच्या जुन्या कोटाबरोबर शब्दही फुकट मिळाले असावेत.)

सोनलने, म्हणजे आमच्या मुलीने, स्वतःच पसंत केलेल्या मुलाचे आईवडील नवघरला आमच्याकडे बोलणी करायला आले, त्या रविवारी हा न बोलावता हजर! मुलाचे वडील शिर्के मूळ रत्नागिरीचे, आता गोडदेवला असतात. पोहे खाताखाता ते म्हणाले, "आमच्याकडे सुनेला काही त्रास नाही. सकाळचा चहा मी स्वतः करतो."

"पॉपीकॉक!" दिगंबर फिस्कारला.

"म्हणजे काय हो?"

"जुना शब्द आहे. म्हणजे... वा, छान!" दिगंबरने थाप ठोकून दिली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण या दीडशहाण्याला उघडं पाडायची संधी कोण सोडतो? मी मोबाइल काढला.

"छान कसलं, दिगू? म्हणजे निव्वळ बकवास! मूळ शब्द डच आहे म्हणे, शिर्केसाहेब. पॅप म्हणजे मऊ, आणि काक म्हणजे..." (बायकोने मला चिमटा काढला. मला वाटलं, प्रोत्साहन देतेय!) "...शेण!"

शिर्क्यांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे मी बोलतोय ते शेण?"

"हे भाऊजी म्हणतायत हां! मी छान म्हटलं होतं," दिगंबर साळसूदपणे म्हणाला.

"नुसतं शेण नाही हो, मऊ शेण!" मी सावरायला गेलो. "शब्दाच्या बाबतीत आपण काटेकोर असावं."

शिर्के उठून चपला शोधायला लागले. सोनल रडवेली झाली. "बाबा, प्लीज! आता एक शब्द बोलू नका!"

तेवढ्यात शिर्केबाईंना हसू फुटलं. "अहो, बसा! एवढा रोज चहा करता, तर सांगा, चहा पावडर कुठल्या डब्यात असते?"

"निळ्या," शिर्के ठासून म्हणाले.

"निळ्यात हळद आहे!"

मग जो हशा पिकला, त्यात शेवटी शिर्केही सामील झाले आणि मुकाट्याने खाली बसले.

लग्न ठरलं. शिर्क्यांनी एकच अट घातली: कार्यालयात माइक मुलीच्या बापाच्या हाती लागता कामा नये. मी म्हटलं, विचार करून कळवतो. तोवर बायको, मुलगी आणि दिगंबर, तिघांनी ती मान्यही करून टाकली होती!