शून्य माझं होतं
ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं टाळली. काल सुनेने फरशीवर क्लोरीनचं औषध टाकलं आणि त्या वासाने ती पुन्हा आठवली. तळोद्याजवळच्या एका गावात मी नवा ग्रामसेवक होतो. टाकी पन्नास हजार लिटरची, हजार लिटरला पाच मिली क्लोरीन. अडीचशे मिलीऐवजी मी चिठ्ठीवर अडीच लिटर लिहिलं. पाणी सोडणारा म्हातारा म्हणाला, "भाऊसाहेब, मी तं रोज पाव लिटर टाकस." "हिशोब मला शिकवू नका, बाबा," मी म्हणालो. सकाळी नळाच्या पाण्याने डोळे झोंबू लागले, एक बाई ओकणारं लेकरू घेऊन पंचायतीत धावत आली, आणि हिशोबात आपलं एक शून्य वाढलंय हे मला कळलं. लेकरू दगावलं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. संध्याकाळी ते सावरलं, पण तोवर लोकांनी म्हाताऱ्याला घेरलं होतं. माझी चिठ्ठी त्याच्या खिशात होती, तरी माझ्याकडे पाहून त्याने चूक स्वतःवर घेतली, "मन्हाच हात जास्ती पडना." मी गप्प राहिलो आणि त्याचं काम गेलं. पुढे बाजारात भेटला तेव्हा त्याने विचारलं, "पानी बराबर शे ना आते?" पाणी आता बरोबर आहे, अशी मी नुसती मान हलवली. आता तो नाही. बाबा, हात तुमचा नव्हता, शून्य माझं होतं. मला माफ करा.